एका गल्लीत दोन टँकर

भूकंपात घर पडलं आणि आम्ही निलंग्याकडचं गाव सोडून लातूरला आलो. शिकवण्यांना येणाऱ्या पोरांसाठी मी खानावळ काढली. वर्षागणिक पोरं वाढत गेली, पाणी मात्र आटत गेलं. एका उन्हाळ्यात तर नळ असा रुसला की ताटं घासायची पंचाईत. पोरं एकेक करून दुसरीकडं जेवायला लागली. आता खानावळ बंदच करावी लागणार, असं दिसायला लागलं.

जेवायला मात्र घरचेच दोन पुढारी नेमानं यायचे. धाकटे दीर सत्तेतल्या पक्षाचे, बहिणीचा पोरगा विरोधकांचा. दोघंही आपापल्या पक्षासाठी इंटरनेटवर ब्लॉग लिहायचे. तेव्हा त्याचं लई फॅड! चहाच्या टपरीवरसुद्धा लोक ते वाचून भांडायचे. हे दोघे पाठीला पाठ लावून बसायचे, पण ठेचा एकाच वाटीतला.

भाच्याला म्हटलं, "पाण्याचं लिही की रे."

त्यानं लिहिलं, 'संतप्त माउलीचा सरकारला सवाल!' लगेच दिरांनी लिहिलं, 'खानावळीत पाणी मुबलक, विरोधकांचा कांगावा!' संतापलेली मी, कांगावखोरही मीच. नळ होता तसाच कोरडा.

दुसऱ्या दिवशी मी दोघांची ताटं पालथी घातली. "आधी दोघांनी एकच ओळ लिहा, ह्या गल्लीत पाणी न्हाई. मग जेवा."

"वहिनी, पक्षात काय तोंड दाखवू?"

"उपाशी दाखवा भावजी, बारीक दिसंल."

भाचा खो खो हसला.

"तू काय हसायलास? तुझं ताट तरी कुठं सुलटं हाय?"

तासाभरानं दोघांनी मुकाट्यानं ती ओळ लिहिली. झालं! श्रेय दुसरा नेईल म्हणून दोन्ही पक्ष घाबरले. सकाळी गल्लीच्या दोन्ही तोंडांनी दोन टँकर शिरले आणि मधोमध, ऐन माझ्या दारात, नाकाला नाक लावून उभे राहिले.

"तू मागं घे!"

"तू घे की!"

दीर एका टँकरवर, भाचा दुसऱ्यावर, दोघांच्या हातात झेंडे. त्यांचं भांडण मिटेपर्यंत आम्ही बायकांनी दोन्हीकडून पिंपं, घागरी, पोरांच्या आंघोळीच्या बादल्यासुद्धा भरून घेतल्या. दुपारी पंगत पुन्हा बसली.

जेवता जेवता एका पोरानं दोन्ही ब्लॉग मोठ्यानं वाचून दाखवले. दोन्हीकडं आमच्या गल्लीत एकच टँकर आला होता, ज्याचा त्याचा.