पळस्पे फाट्यावर गाठलेली गाडी

आज सकाळी सायकलच्या चेनला तेल घातलं आणि त्या वासानं मला कर्नाळ्याच्या रस्त्यावरचा एक जुना रविवार आठवला.

तेव्हा मी पनवेलहून खारघरच्या कॉलेजात शिकवायला सायकलनंच जायचे. रविवारी मात्र मैत्रीण शबाना आणि मी हौसेनं कर्नाळ्यापर्यंत जायचो. त्या दिवशी परतताना एक पांढरी गाडी इतकी खेटून गेली की शबाना कडेच्या खडीत पडली. तिचं कोपर सोलवटलं. गाडीवाल्यानं काच खाली केली. "घरात बसायचं सोडून रस्त्यावर मरायला कशाला येता?" असं ओरडून तो भरधाव निघून गेला.

"घरी जाऊ या," मी म्हणाले.

"जाऊ ना," शबाना खडी झटकत उठली. "पण आधी त्याला गाठू."

पळस्पे फाट्यावर ट्रॅफिक तुंबला होता. डिझेलच्या धुरात, दोन ट्रकांच्या मागे ती पांढरी गाडी अडकली होती. आम्ही कडेकडेनं तिथं पोचलो. शबानानं काचेवर टकटक केली आणि रक्ताळलेलं कोपर त्याच्यापुढे धरलं.

"भाईसाहब, मघाशी काय म्हणालात? आता बोला."

त्यानं काच उघडली नाही, मानही वळवली नाही. वर्गातही कधी आवाज न चढवणारी मी ओरडले, "रस्ता आमचाही आहे! आम्ही परत येणार!"

घरापर्यंत आम्ही हसत आलो. ती गाडी किती जवळून गेली होती, याची भीती मला आता वाटते. पुढच्या रविवारी शबाना कोपराला पट्टी बांधून आली आणि मी माझी सायकल बाहेर काढेपर्यंत दारात सायकलची घंटी वाजवत राहिली.