जमेल, ई-मेल आणि व्हरांडा

२००८ साली मी ब्लॉग काढला. बाकीचं सगळं अर्ध्या तासात झालं. नाव सुचलं, रंग निवडला, देवबागच्या खाडीचा फोटो माथ्यावर डकवला. अडलो ते शेवटच्या प्रश्नावर. प्रतिक्रिया कोण लिहू शकेल? कुणीही, फक्त खातं असलेले, की तुम्ही मंजूर कराल ते? मालवणच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. वर्गात कुणी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं हे रोज ठरवणारा मी, या प्रश्नापुढे मात्र आठवडाभर बसून राहिलो.

कारण खरं सांगायचं तर ब्लॉग एकाच माणसाने वाचावा म्हणून काढला होता. देवबागचा माझा बालमित्र. मी शिकून मास्तर झालो, तो बापाच्या होडीवर गेला. त्याचं प्रेम शिवीशिवाय तोंडाबाहेर पडत नसे. माझ्या लग्नात तो स्टेजवर चढला आणि त्याने पुण्याच्या सासरेबुवांसमोर मला अशा काही शब्दांत कवटाळलं की सासरेबुवांनी चष्मा काढून पुसला. मी हळूच म्हटलं, "इथे तरी नीट बोल." तो तोंड मिटून खाली उतरला आणि न जेवता गेला. त्याला आठ वर्षं झाली होती. बाजारात दिसला की मान हलवायचा, बस्स. समोर जाऊन चूक कबूल करायची हिंमत मला नव्हती, म्हणून मी आमच्या लहानपणाचे लेख लिहायला घेतले. त्याने कधीतरी ते वाचावे आणि काहीतरी बोलावं, एवढीच अपेक्षा.

म्हणून दार सताड उघडं ठेवलं. कुणीही यावं. आले ते केस वाढवायच्या तेलाचे जाहिरातवाले, तेही इंग्रजीतून. मग खात्याची अट घातली, तर महिनाभर चिटपाखरू फिरकलं नाही. मग वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची परीक्षा लावली. आमचे निवृत्त चित्रकलेचे सर त्या परीक्षेत चारदा नापास झाले आणि फोन करून म्हणाले, "ही अक्षरं कुणी काढली आहेत? त्याला माझ्याकडे पाठव." वैतागून मी पुन्हा दार उघडलं. यावेळी दोन निनावी प्रतिक्रिया अस्सल मालवणी शिव्यांसकट आल्या, आणि मुलांनी त्या वर्गात मोठ्याने वाचल्या.

त्यातच शाळेच्या संगणक कक्षाचं उद्घाटन आलं. पाहुण्यांना पडद्यावर माझा ब्लॉग दाखवायचा, असं मुख्याध्यापकांनी परस्पर जाहीर केलं. माझी पाचावर धारण बसली. ब्लॉगच्या मागच्या बाजूला एक रिकामी चौकट होती. तिच्यात नको असलेले शब्द लिहून ठेवले की ते ज्या प्रतिक्रियेत असतील ती प्रतिक्रिया आपोआप बाजूला पडायची. शिक्षकांच्या खोलीत आम्ही ती यादी केली. एरवी मिटिंगमध्ये न बोलणारेही उत्साहाने बोलले. हिंदीच्या बाईंनी एकट्यांनी अकरा शब्द दिले, आणि त्यातले तीन आम्हा पुरुषांना नवीन होते. घरी बायकोने यादी वाचली. आठ वर्षांत ती पक्की मालवणी झाली होती. म्हणाली, "हे सगळे काढल्यार लोक बोलतले काय?"

मी हुशारी केली. मेल्या, मेलो, मेली असं सगळं लिहीत बसण्यापेक्षा नुसतं 'मेल' लिहिलं, तसंच 'रांड' एवढंच लिहिलं. उद्घाटन झकास झालं. त्यानंतर ब्लॉगवर अशी शांतता पसरली की मला वाटलं, लोकांना शिस्त लागली.

तीन महिन्यांनी मुख्याध्यापकांनी मला थांबवलं. "सर, मी तुमच्या शाळेवरच्या लेखावर लिहिलं होतं. छापलं का नाहीत?" मी चाट पडलो. संगणक कक्षात जाऊन बाजूला पडलेल्यांची पेटी उघडली, तर आत ही गर्दी! मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'शाळेचा जुना व्हरांडा डोळ्यांसमोर उभा राहिला.' त्यांच्या व्हरांड्याच्या पोटात मी घातलेला शब्द निघाला. कुणी ई-मेल मागितला होता, कुणी 'पुढचा लेख लवकर जमेल का' विचारलं होतं. ई-मेल आणि जमेल, दोघांच्याही शेपटाला 'मेल'. मी एकटाच हसत सुटलो.

हसता हसता पेटीत आणखी खाली आलो आणि थांबलो. नाव नव्हतं, पण माणूस ओळखायला नाव लागलं नाही. लहानपणी आम्ही पकडलेल्या सरंग्यावर, म्हणजे पापलेटवर, मी लेख लिहिला होता. त्याखाली होतं: 'मेल्या, सरंगो तू खंय धरलंस? तू होडयेत पालथो पडान ओकी होतंस. पण बरा लिवलंस रे. माझी आवस रडली.' त्याची आई रडली होती. आठ दिवसांनी दुसरी: 'मेल्या, मी लिवलंय ता खंय गेला? सायबरवालो टाइप करून देता, तो म्हणता मास्तरान दार लावल्यान.' आणि महिन्याने तिसरी. तिच्यात एकही शिवी नव्हती. 'सर, नवीन होडीची पूजा रविवारी आहे. आपणास जमेल तर यावे.'

तो रविवार जाऊन महिना उलटला होता. मला रडू आलं. त्याने माझ्यासाठी तोंड धुऊन घेतलं होतं, आणि तरीही मी त्याला आत घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर देवबाग गाठलं. तो खाडीकडच्या अंगाला जाळं शिवत बसला होता. मला बघून उठला. "या सर. बसा." त्याच्या बायकोने चहा आणला, तोही बशीसकट. मी यादीचं, चौकटीचं, 'जमेल'चं सगळं सांगितलं. लग्नातलंही काढलं. म्हटलं, "चुकलो मी. दोन्ही वेळा."

"असू द्या सर. आपण मोठी माणसं. आम्हाला बोलायची पद्धत कळत नाही."

तहसीलदार कचेरीत बोलावं तसं तो बोलत होता, तेही पाठ केल्यासारखं. इतकं बोचरं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. मी मालवणीत शिरून बघितलं, "अरे, असा काय बोलतंस माझ्यावांगडा?" तर म्हणाला, "चहा घ्या, निवेल."

चहा संपला, बोलणंही संपलं. उठताना काय करावं सुचेना, म्हणून म्हटलं, होडी तरी बघू. ती पाण्याच्या कडेला वाळूवर ओढून ठेवली होती, निळी, पुढच्या टोकाला, नाळेवर, हळदकुंकवाचे डाग. आपलेपणा दाखवायच्या नादात मी काठाला हात लावला आणि पाय उचलून सरळ आत टाकला. चपलेसकट.

"अरे ए गाढवा!" मागून डरकाळी आली. "चपला काड आदी! शाळेची पायरी समाजलंस तिका? भायर हो! बापाशीन शिकवल्यान नाय तुका?"

खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल. त्याची बायको धावत दारात आली. तो स्वतःच दचकला आणि त्याने तोंडावर हात ठेवला. मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि ओल्या वाळूत उभा राहून म्हटलं, "परत बोल."