काकूंची ओली डबी

आधी नानांचं नाव घेते. नाना म्हणजे कुमुदकाकूंचे यजमान. तीन आठवडे रोज त्यांनी एका काचेच्या डबीत दोन थेंब पाणी टाकलं, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीची जोडवी लग्नाआधी पुरी झाली. काकू गेल्याचा फोन मला सुरतेत, दागिन्यांच्या कामावर असताना आला. सुट्टी मिळून मलकापूरला पोचेपर्यंत तेरावंही होऊन गेलं होतं...

दुसरबीडहून मामीकडे मलकापूरला आले, तेव्हा आठवीतच माझी शाळा सुटली होती. कुणी नुसतं नाव विचारलं तरी मला घाम फुटायचा. काकू शेजारी राहायच्या. चांदीच्या मातीचे दागिने त्या मोबाइलवर बघून शिकल्या होत्या. चांदीची बारीक भुकटी, डिंकासारखं काही आणि पाणी, अशी ती माती. कणकेसारखी वळायची, वाळवायची, भट्टीत तापवायची. डिंक जळून निव्वळ चांदी उरते. सराफ्यात लोक मातीचे दागिने म्हणून हसायचे. काकू हातातली अंगठी काढून त्यांच्याच कसोटीवर घासायला द्यायच्या.

काकूंनी मलाही शिकायला बसवलं. माझी पहिली अंगठी मी बोटाच्या अगदी मापाची वळली. भट्टीतून निघाली ती आकसून, पेरावरच अडकली. दुसरी तर वाळल्यावर, भट्टीत जायच्या आधीच, कानशीनं घासताना हातात मोडली. आता काकू घरी पाठवणार, असं वाटून मी तुकडे ओढणीत लपवले. त्यांनी ते काढून घेतले, कुटून डबीत टाकले, वर पाणी सोडलं. त्या डबीत त्यांचाही भुगा असायचा. त्याच लगद्यानं त्या माझ्या वाळल्या दागिन्यांच्या भेगा भरायच्या.

"काऊन रडून राह्यली? तुही चूक बी कामी येते इथं," एवढंच म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी सुरतेपर्यंत गेले.

नाना मात्र कुरकुरायचे, की साऱ्या गावाले चांदी अन् माह्या सदऱ्याले पिलास्टिकच्या गुंड्या. काकू हसून म्हणायच्या, नंबर लावा.

बहिणीची जोडवी त्यांनी आपणहून करायला घेतली होती. मी पोचले तेव्हा टेबलावर एक तयार होतं. दुसरं वाळलेलं, कच्चं, त्याला भेग. काकूंच्या हातची भेग मी पहिल्यांदाच पाहिली. दवाखान्यात जायच्या आधी हात कापत होते म्हणे. ती मला भरता येईल, याची खात्री नव्हती. आजवर शेवटचा हात काकूंचाच असायचा.

नानांनी डबी पुढं केली. "दवाखान्यात तुही काकू म्हणे, डबी सुकू देऊ नका, पोरगी येईन. जास्त तं नाही झालं ना पाणी?"

लगदा ताकासारखा पातळ झाला होता. बरोबर आहे म्हटलं, आणि झाकण काढून दुपारभर ठेवली. लगदा घट्ट झाला, मग काडीनं भेग भरली, वाळवली, भट्टीत ठेवली. खडूसारखं पांढरं जोडवं बाहेर आलं. पितळी ब्रशनं घासलं, तशी चांदी दिसायला लागली... भेग कुठं होती ते नानांना सापडलं नाही. मलाही नाही.

डबी आता सुरतेत माझ्या खिडकीत आहे. रोज सकाळी झाकण उघडून बघते, लागलं तरच थेंब टाकते. नाना, तुमच्या सदऱ्याच्या पाच गुंड्या याच डबीतून होतील. भुगा साठायला वेळ लागेल. पण वळीन तेव्हा मापापेक्षा जरा मोठ्याच वळीन.