अमावास्येचं पाणी

मलकापूरहून मिस्त्रींच्या लेकीनं टाकलेलं पोस्टकार्ड गेल्या महिन्यात आलं. दस्तगीर मिस्त्री गेले... चार ओळी तीनदा वाचल्या आणि चष्मा पुसत बसलो. मिस्त्री आमच्या नळखात्यातले जुने कारागीर. वयानं माझ्याहून मोठे, पण हुद्द्यानं मी साहेब, म्हणून त्यांना अरेतुरे करायचो. आज अहोजाहो लिहिताना लाज वाटते.

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. कोल्हापुरात रंगाऱ्यांच्या गल्लीत कापसाची वखार होती आणि वर माडीवर माणसांची बिऱ्हाडं. तिथं आगीच्या बंबासाठी नवा नळ बसवायचा होता. पाणी किती येईल आणि त्याला जोर किती असेल, हे मोजून दरबारला कळवायचं काम माझं. मी पुण्याहून नुकताच ओव्हरसियर होऊन आलेला, अक्कल नुसती उतू जात होती! सकाळी तिथला जुना नळ पुरता उघडला, दाबाच्या घड्याळाचा काटा पाहिला, पिंप किती वेळात भरतं ते मोजलं, आकडेमोड केली. झकास! जुन्या बारीक नळावरच भागेल, असा अहवाल लिहून खाली सही ठोकली.

मिस्त्री पिंपाला टेकून उभे होते. "सायेब, आज आवस हाय न्हवं?"

"मग? पाण्याला तिथी कळते काय?" मी खेकसलो.

"पाण्याला न्हाय, रंगाऱ्यास्नी कळती. आवसंला कामं बंद, गल्लीत एक बी हौद भरत न्हाय. उद्या मोजा की!"

दुसऱ्या दिवशी गल्लीभर रंगाचे हौद भरत होते. नळ उघडताच काटा जो खाली बसला तो उठेचना. निम्मं पिंप भरायला कालच्या अख्ख्या पिंपाचा वेळ लागला. माझे कान तापले. त्या नळावर बंब लावला असता तर वरची बिऱ्हाडं जळताना आम्ही बघत बसलो असतो.

"फाडा त्यो कागुद," मिस्त्री एवढंच म्हणाले. मी फाडला, मोठा नळ मागितला, मंजूरही झाला. पुढं दोन वर्षांनी वखारीला आग लागली, तेव्हा पाणी पार कौलांपर्यंत पोचलं. एक माणूस दगावलं नाही. दरबारात माझी पाठ थोपटली. अमावास्येची गोष्ट अगदी ओठांवर आली होती... मी गिळली. बाहेर मिस्त्री उभे होते. "ब्येस झालं, सायेब," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला आजवर टोचतं.

पोस्टकार्ड आल्यावर त्या गल्लीत गेलो. एक म्हातारी रंगारीण नळाभोवतीचा चिखल खराट्यानं काढत होती. मला ओळखलंन. "या की सायेब! ह्येला आमी सायबाचा नळ म्हन्तो."

"माझा नव्हे, मावशी. दस्तगीर मिस्त्रींचा," म्हणालो, आणि भर गल्लीत तिला सगळं सांगून टाकलं. अमावास्या, फाडलेला कागद, माझी चूक, माझं गप्प बसणं.

तिनं खराटा भिंतीला लावला. "असं व्हय? मग त्येस्नी घिऊन या की एकडाव. आगीच्या दिशी माडीवर आमीच हुतो. पाया पडतो त्येंच्या."

माझा हात खिशातल्या पोस्टकार्डावर गेला. "आणतो," म्हणालो, आणि निघालो.