आधी मला विसरा

सुधाकरभाऊ गेले, हे सांगायला त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा माझ्या मशीनखाली परकराचा घेर होता. फोन कानाला धरून मी शिवतच राहिले. शिवण वाकडी गेली, सगळी उसवावी लागली. महिना होत आला, पण जिवाला थारा नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. वरून राग येतो, तो वेगळाच.

पांडेसऱ्यातल्या आमच्या कारखान्यात ते आले ते घड्याळ घेऊन. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून आमचं रोजचं टार्गेट ठरवायचं, हे त्यांचं काम. त्या दिवशी आमच्या गुजराती शेठनी काय थाट मांडला होता! एरवी कापलेल्या मालासाठी ओरडून ओरडून घसा बसायचा. त्या दिवशी गठ्ठे मागायच्या आत हजर. मेकॅनिक तर करवल्यासारखा पाठीशी उभा. आम्हीही काही कमी नव्हतो म्हणा... मुद्दाम हात आखडून शिवत होतो.

भाऊंनी दोन्हीकडे बघितलं, हसले आणि घड्याळ खिशात टाकून खांबाजवळच्या लाल स्टुलावर बसले.

"चालू करो ने, भाई!" शेठ म्हणाले.

"आज इथं लगीन आहे, शेठ. रोजचं काम असेल तेव्हा मोजतो."

मग ते रोज येऊन नुसते बसायचे. "काय चाली ऱ्हायनं, ताई?" असं गावाकडच्या अहिराणीत विचारायचे, आमच्यात डबा खायचे, माझ्या ठेच्यावर तुटून पडायचे. एकदा मी फटकन म्हटलं, "भाऊ, फुकटचा पगार खाता का हो?"

"आधी मला विसरा," ते म्हणाले. "मग माझं काम सुरू होईल."

आणि खरंच विसरलो की! दोरा तुटला, सुई मोडली, गठ्ठ्याची वाट बघत बसलो, पाणी प्यायला उठलो... भाऊंचं घड्याळ चालूच. शेठ चिडले, हे कामात कशाला धरता म्हणाले. "थांबावं लागतं ना त्यांना? मग तेही कामातच," भाऊ म्हणाले. टार्गेटमध्ये तेवढी सवलत त्यांनी धरायलाच लावली. इतकी वर्षं आम्ही श्वास घेतला तो तिच्यावर.

गेल्या आठवड्यात नवे मोजणारे साहेब आले. पुन्हा तोच थाट. गठ्ठे हजर, मेकॅनिक पाठीशी. माझं डोकंच फिरलं. असल्या दिवसाचं माप लागलं, तर सवलत गेली आणि आम्ही मेलो. मशीन बंद करून उठले, खांबाजवळचं लाल स्टूल पदराने पुसलं आणि साहेबांपुढे ठेवलं.

"बसा आधी. डबा खा आमच्यात. आम्ही तुम्हाला विसरलो, की काढा घड्याळ."

त्यांनी एकदा शेठकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बसले.

मी जागेवर आले. सुईत दोरा काही जाईना... भाऊ, तुम्हाला विसरायचं कसं, तेवढं सांगायचं राहिलंच की हो.