जांभळा धूर

अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या आमच्या मंडळींना गुरुवारच्या भजनानंतर मी अनेकदा सांगितलं आहे, की व्हिएतनाम युद्धात दत्तगुरूंनी मला वाचवलं. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं आज, ऐंशीच्या उंबरठ्यावर, लिहितो आहे.

शिकायला अमेरिकेत आलो, कायम राहण्याचा परवाना घेतल्याने सक्तीच्या भरतीत सापडलो आणि मेकाँग नदीच्या मुखाकडच्या कालव्यांत लष्करी बोटीवर रेडिओवाला झालो. एका दुपारी गनिमांनी आम्हांला अरुंद कालव्यात गाठलं. मी हेलिकॉप्टर बोलावलं. नियम साधा होता: आपण रंगीत धूर सोडायचा आणि रंग वैमानिकाने ओळखून सांगायचा. आपण आधी बोलायचं नाही, कारण शत्रूही ऐकत असतो. घाबरून मी ओरडलो, "जांभळा सोडतोय!" क्षणात आमच्या काठासारखाच समोरच्या, गनिमांच्या काठालाही जांभळा धूर उठला. झावळ्यांखाली आमची बोट वरून दिसत नव्हती. कुणावर गोळ्या झाडायच्या, वैमानिकाला कळेना.

मी डोळे मिटून दत्तगुरूंचा धावा केला. उघडले तेव्हा बोटीचा कप्तान अर्ल टपावर उभा राहून नारिंगी कापड फडकावत होता. खांद्यात गोळी शिरली, तरी त्याचा हात खाली आला नाही. हेलिकॉप्टरने त्याला पाहिलं आणि समोरच्या काठावर मारा केला. आम्ही सातही जण जिवंत परतलो.

रंग आधी कुणी फोडला याच्या चौकशीत अर्ल म्हणाला, "रंग मीच सांगायला लावला." मी गप्प राहिलो. त्याची बोट काढून घेतली गेली, नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा बसला. परतल्यावर मी संसार केला, प्रसाद वाटला.

अर्ल फार आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग वाट कसली बघताय? लिहून द्या, राइट नाऊ!" मी लष्कराकडे शपथपत्र पाठवलं. नऊ महिन्यांनी उत्तर आलं: शेरा रद्द!

मुलगी आणि मी गॅल्व्हेस्टन शहरात त्याच्या घरी गेलो. व्हीलचेअरवरच्या अर्लने नातीकडून ते पत्र दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. मग बोटीवरच्या माझ्या जुन्या टोपणनावाने मला म्हणाला, "प्रोफेसर, इतका उशीर? रेडिओ बिघडला होता का?" घरभर हसू फुटलं. मी वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो गडबडला, "अरे, निदान धुतलेले मोजे तरी घालू द्यायचेस!"

धावा तर कुणीही करतो. आपली चूक आपल्या तोंडाने कबूल केली, तेव्हा शरण जाणं मला कळलं. ती संधी महाराजांनी दोघांच्या हयातीत दिली, हे केवढे उपकार! आम्ही निघालो तेव्हा अर्लची नात पत्र चौकटीत बसवत होती आणि तो बजावत होता, "दारासमोरच लाव. येणाऱ्याला आधी तेच दिसू दे."