‘बंद’ या एका शब्दाचा घोटाळा

“सर, माझं घर कुठंच दिसत न्हाय.”

हेमलता दिघीची. फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायची आणि आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये घरांचे नकाशे काढायला शिकायची. मी तिचा इन्स्ट्रक्टर. तिच्या स्क्रीनवर पाहिलं तर डेस्कटॉप कोरा करकरीत. बाकीच्यांचंही तेच.

आमचे कॉम्प्युटर जुने, नकाशांचं जड सॉफ्टवेअर त्यांना झेपत नाही. म्हणून पुण्याच्या एका कंपनीकडून व्हर्च्युअल डेस्कटॉप घेतले होते. म्हणजे खरा कॉम्प्युटर त्यांच्या सर्व्हरवर, आमच्याकडे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. यात एक प्रकार असा, की लॉगआउट केलं की सगळं पुसलं जातं. दुसरा पर्सिस्टंट. काल जिथे सोडलं तिथूनच आज पुढे. नकाशा काही एका दिवसात होत नाही, म्हणून भांडून हा दुसरा मिळवला होता. व्हायरसच्या भीतीने पेन ड्राइव्हला मात्र हेड ऑफिसची मनाई. पोरांचं सगळं काम त्या एकाच जागी.

पुण्याला फोन लावला.

“तुमचा कोर्स बंद झाला ना सर? तुमच्याच ऑफिसने सांगितलं. मग डेस्कटॉप रिलीज केले.”

रिलीज म्हणजे डिलीट. गोड नाव, एवढंच.

“बॅकअप असेल ना?”

“कोर्स संपल्यावर ठेवत नाही सर. ॲग्रीमेंटमध्ये आहे तसं.”

मी सेंटरच्या प्रमुख साळवी मॅडमकडे गेलो. “मॅडम, पुण्याला काय सांगितलंत?”

“अहो, गेल्या आठवड्यात वारा केवढा होता! फेरी बंद, पोरं येणार कशी? त्यांनी विचारलं, कोर्स चालू आहे का. म्हटलं, बंद आहे.” बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला.

आमच्याकडे वारा सुटला की बंद म्हणजे फेरी सुरू होईपर्यंत बंद. पुण्याला कुठली फेरी? तिकडे बंद म्हणजे संपलं. चिडावं तरी कुणावर, तेच मला कळेना.

वाईट हे, की हेमलताला त्याच आठवड्यात, शनिवारी अलिबागच्या एका आर्किटेक्टने नोकरीसाठी बोलावलं होतं. नकाशे घेऊन या, म्हणाले होते. “काढते परत,” ती म्हणाली आणि रोज शेवटच्या फेरीपर्यंत बसली. शनिवार उजाडला तेव्हा जेमतेम अर्धा नकाशा झाला होता. मी आर्किटेक्टना फोन करून सगळं सांगितलं.

“तुमचं खरं आहे सर,” ते म्हणाले. “पण मला तिचा हात बघायचाय. अर्ध्या नकाशावर काय ठरवू?”

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. त्यानंतर हेमलता सेंटरला यायची थांबली. कोर्स तरी पुरा कर, म्हणून मी तिला फोन केला.

“नको सर. आत्याबरोबर मासळी घेऊन बसते आता. घरचे म्हणतात, झालं तेवढं शिकणं पुरे हाय.”

मॅडमचं नाव तिने काढलं नाही, माझंही नाही. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता कोर्स संपल्याचं लेखी कळवल्याशिवाय पुण्याहून काही डिलीट होत नाही. पोरं रोजच्या कामाची कॉपी पेन ड्राइव्हवर घरी नेतात. हेड ऑफिसने त्याबद्दल मला मेमो दिलाय, तो मी ड्रॉवरमध्ये टाकलाय. काम दोन ठिकाणी ठेवावं, हे मी आता प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला सांगतो. शहाणपण मला आलं. नोकरी तिची गेली.